सात किलोंची सॅक आणि बहात्तर दिवस

ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत ताई आणि मी दक्षिण अमेरिकेत फिरून आलो. लिमा, कुस्को, ॲमेझॉनचं जंगल, टिटिकाका, उयुनी, अटाकामा, पॅटागोनिया आणि शेवटी अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाचं उशुआया. परत आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो: उकाडा, बर्फ, वाळवंट, पाऊस, सगळ्याला पुरणारं सामान सात किलोंत बसवलंत कसं? म्हणून हे दिवसवार लिहिते आहे, पण सॅकच्या बाजूने. व्हिसा, तिकिटं, बुकिंग सगळं सुरळीत झालं, त्यावर शब्द खर्च करत नाही.

निघण्याआधी आम्ही एकच नियम केला होता. वाटेत पाच तऱ्हेची हवा लागणार होती: गार दमट किनारा, उष्ण जंगल, उंचावरची थंडी, कोरडं वाळवंट, आणि वारा-पाऊस. यातल्या निदान तीन ठिकाणी जी वापरता येईल, तीच वस्तू घ्यायची. जाड कोट याच नियमाने बाद झाला. त्याऐवजी मेरिनो लोकरीचे दोन टी-शर्ट, कॉलरचा पूर्ण बाह्यांचा एक शर्ट, एक थर्मल जोड, एक फ्लीस (मऊ लवदार, ऊबदार जॅकेट), कृत्रिम भरणाचं एक पातळ जॅकेट, आणि सर्वांत वरून रेनकोट व पावसाळी पँट. थंडी वाढली की एकावर एक चढवायचं, ऊन झालं की उतरवायचं. पिसांचं जॅकेट वजनाला हलकं असतं हे खरं, पण भिजलं की त्याची ऊब जाते. पॅटागोनियाचा वारा-पाऊस डोळ्यांसमोर होता, म्हणून कृत्रिम भरणाचं घेतलं.

दिवस १ ते ३: लिमा

लिमाला उतरलो तेव्हा आभाळ राखाडी होतं आणि तीन दिवस तसंच राहिलं. नकाशावर हे शहर विषुववृत्तापासून फार दूर नाही, त्यामुळे ताईच्या मनात उकाडाच होता. पण किनाऱ्याला लागून हम्बोल्ट प्रवाहाचं थंड पाणी वाहतं. त्याच्यामुळे हवा गार राहते, धुकं धरतं, आणि पाऊस मात्र जवळजवळ पडत नाही. त्या बारीक भुरभुरीला तिथे गारुआ म्हणतात. छत्री उघडावी इतकी ती नसते, पण संध्याकाळपर्यंत केस ओले लागतात.

पहिल्याच संध्याकाळी समुद्राकडच्या कड्यावर फिरताना सॅकमधून फ्लीस काढून घालावं लागलं. ताई म्हणाली, "अगं, ते तर जंगल येईपर्यंत सॅकच्या तळाशीच राहणार होतं ना?" तेव्हाच ठरलं की ठिकाणाचं नाव बघून अंदाज बांधायचा नाही. समुद्राचं पाणी थंड की गरम, उंची किती, आणि त्या महिन्यात वारा कुठून येतो, एवढं आधी बघायचं. उंचीचा हिशोब सोपा आहे. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी धरायचे.

दिवस ४ ते १०: कुस्को

कुस्को ३,४०० मीटरवर आहे. लिमाहून विमानाने एकदम तिथे गेलो, त्यामुळे पहिले दोन दिवस जिना चढतानाही थांबत होतो. ते दिवस झोपण्यात, कोकाच्या पानांचा चहा पिण्यात आणि किनुआचं गरम सूप खाण्यात गेले. सूपमध्ये बटाटा, गाजर, भोपळा, वरून हिरवं काहीतरी चिरून. दोन्ही वेळा तेच खाल्लं तरी कंटाळा आला नाही.

इथली एक गोष्ट मी विसरणार नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कपडे धुवून देणारं छोटं दुकान होतं. तिथे कपडे नगावर देत नाहीत, किलोवर देतात. त्या बाईंनी आमचे दोघींचे मिळून मळलेले कपडे काट्यावर टाकले. काटा दोन किलो तीनशेवर थांबला. त्यांनी मागे कापडी पिशवी आणखी आहे का म्हणून वाकून पाहिलं. मी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं, एवढेच, बहात्तर दिवसांसाठी एवढेच. मग त्या एकेक कपडा उचलून बघू लागल्या. मेरिनोचा टी-शर्ट हातात आल्यावर त्यांनी तो बोटांत चोळला आणि विचारलं, "लाना?" म्हणजे लोकर का? हो म्हटल्यावर त्यांनी तो बाजूला ठेवला, गरम ड्रायरमध्ये जाणार नाही असं हाताने सांगितलं, आणि संध्याकाळी तो वेगळा, सावलीत वाळवलेला, घडी घालून परत दिला. त्यांनी ते पाहिलं नसतं तर तो शर्ट आटून लहान मुलाचा झाला असता. तेव्हापासून लॉन्ड्रीत काही देताना लोकरीचे कपडे मीच आधी वेगळे काढत आले.

लोकरीच्या या शर्टांबद्दल जरा सांगते, कारण सगळा डोलारा त्यांच्यावर उभा होता. लोकर वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा शोषूनही अंगाला गार ओली लागत नाही, आणि घामाचा वास पटकन धरत नाही. चार दिवस घालून पाचव्या दिवशी धुतला तरी शेजारी बसलेल्या माणसाला त्रास नाही. सुती टी-शर्ट आवडत असला तरी उंचावर घामाने भिजला की अंगावरच थंड पडतो आणि वाळायला रात्र पुरत नाही. दोघींनी सुती म्हणून फक्त पातळ पंचा घेतला होता. तोच टॉवेल, तोच गळ्याभोवती, तोच बसमध्ये डोळ्यांवर.

दिवस ११ ते १५: पुएर्तो माल्दोनादो आणि तांबोपाताचं जंगल

कुस्कोहून उतरून पुएर्तो माल्दोनादोला आलो, समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटर. विमानाचं दार उघडलं आणि चेहऱ्यावर वाफ आली. पुढे नदीतून लांबट होडीने तांबोपाताच्या बाजूला एका लाकडी मुक्कामाच्या ठिकाणी गेलो. पोचल्या पोचल्या तिथल्या मुलाने पायांची मापं बघून रबरी गमबूट आणून दिले. चिखल गुडघ्यापर्यंत होता. आमचे बूट पाच दिवस खुंटीवर राहिले.

गमबूट तिथेच मिळतात हे आधी माहीत नव्हतं. पण पुढे हाच अनुभव सगळीकडे आला. ज्या जागी एखाद्या खास वस्तूवाचून चालतच नाही, तिथले लोक ती देतात, भाड्याने ठेवतात किंवा विकतात.

जंगलाने मला एक धडा जड हाताने शिकवला. "लवकर वाळणारे" म्हणून घेतलेले कपडे तिथे वाळलेच नाहीत. पहिल्या दिवशी धुतलेली पँट तिसऱ्या दिवशीही तशीच दमट. कपडा कितीही चांगला असो, हवेतच पाणी भरलेलं असेल तर त्यातलं पाणी जाणार कुठे? शेवटी पंच्याची युक्ती कामाला आली. कपडा पिळायचा, कोरड्या पंच्यावर पसरायचा, दोन्हींची मिळून गुंडाळी करायची, आणि एकीने एक टोक, दुसरीने दुसरं टोक धरून पीळ द्यायचा. पंचा भिजतो, कपडा अर्धा वाळतो. मग तो अंगावरच घालून तासभर बसायचं. अंगाच्या उबेने उरलेलं काम होतं. माझ्या पट्ट्याच्या चामड्यावर मात्र चौथ्या दिवशी बुरशी आली. तो तिथेच सोडला आणि पुढचे दोन महिने नाडीवर काढले.

कॉलरच्या पूर्ण बाह्यांच्या शर्टाचं मोल इथेच कळलं. डासांना तो अडवत होता, पुढे मिठाच्या मैदानावर उन्हाला अडवणार होता. उष्ण ठिकाणी जाताना बिनबाह्यांचे कपडे भरावेसे वाटतात. माझं सांगणं आहे, भरू नका.

एका दुपारी केळीसारख्या मोठ्या पानात बांधलेला भात आला, हुआने नावाचा. मांस न घालता आमच्यासाठी वेगळा बांधला होता. हळदीने पिवळा, पानाचा वास भाताला लागलेला. बाहेर पाऊस छपरावर कोसळत होता, माकडं ओरडत होती, आणि दोघी पान चाटूनपुसून खात होतो.

दिवस १६: परतीची बस

परत वर जायला रात्रीची बस घेतली. चढताना घामाच्या धारा लागल्या होत्या, म्हणून मी सॅक बसच्या पोटात टाकली आणि पातळ शर्टावर बसले. ताईने तिची सॅक मांडीवर घेतली. हा रस्ता कुस्कोला पोचण्याआधी ४,७०० मीटरहून उंच खिंड ओलांडतो. पहाटे तीनच्या सुमारास काचेवर आतून दव गोठायला लागलं होतं आणि मी कुडकुडत होते. ताईने न बोलता तिचं फ्लीस माझ्या अंगावर टाकलं, स्वतः जॅकेट घातलं, आणि पंचा दोघींच्या पायांवर पसरला. उजाडेपर्यंत तशाच बसलो.

तेव्हापासून एक छोटी कापडी पिशवी कायम हातात राहिली. तिच्यात एक ऊबदार थर, टोपी, औषधं, पासपोर्ट, पाणी. सॅक कुठेही जावो, ही पिशवी अंगाजवळ.

औषधांचं इथेच सांगून टाकते, कारण हलकं सामान म्हणून लोक ज्यात काटछाट करतात त्यात ती येऊ नयेत. ताईच्या रक्तदाबाच्या गोळ्या बहात्तर दिवसांच्या आणि वर दहा दिवसांच्या जास्त घेतल्या होत्या. अर्ध्या तिच्याकडे, अर्ध्या माझ्याकडे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घेतलं होतं, कारण कंपनीची नावं देशागणिक बदलतात. जास्तीचा चष्माही घेतला होता. तो तीनच्या नियमात बसत नाही, पण त्याला नियम लावायचाच नाही.

दिवस १८ ते २७: पुनो आणि ला पाझ

टिटिकाका सरोवर ३,८१२ मीटरवर आहे. दिवसा ऊन भाजतं आणि सूर्य मावळला की दहा मिनिटांत हातमोजे लागतात. हातमोजे आम्ही मुद्दाम आणले नव्हते. पुनोच्या बाजारात एका आजींकडून घेतले, टोप्याही. अल्पाका (तिथल्या लामासारख्या प्राण्याची लोकर) म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच वस्तू अल्पाकाच्या नसतात, बऱ्याच ठिकाणी अक्रिलिकची भेसळ असते. आजींनी स्वतःच दोन ढीग दाखवले, हे शुद्ध, हे मिश्र. आम्ही मिश्र घेतले, कारण ते धुवायला सोपे. त्यांना ते पटलं नाही आणि त्यांनी बराच वेळ शुद्ध मोजे माझ्या गालाला लावून बघायला लावलं.

ला पाझमध्ये शहराच्या डोक्यावरून जाणाऱ्या केबल कारमध्ये बसून वरच्या एल आल्तो शहरात गेलो. ही सेवा २०१४ साली सुरू झाली आणि तिथल्या लोकांसाठी ती रोजची लोकलच आहे. कामावर जाणाऱ्या बायका, शाळेची मुलं, मांडीवर भाजी. खाली उतरून चौकात गरम आपी प्यालो. जांभळ्या मक्याचं, दालचिनी-लवंग घातलेलं दाट पेय, सोबत फुगलेली तळलेली पुरी. थंडीत बोटं त्या पेल्याभोवती धरून उभं राहणं फार सुखाचं होतं.

दिवस २९ ते ३१: उयुनी ते सान पेद्रो

तीन दिवसांची जीप. पहिला दिवस मिठाच्या मैदानाचा. दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठं, ३,६५६ मीटर उंच आणि पांढरं. नोव्हेंबरमध्ये ते कोरडं असतं आणि मिठाचे षटकोन पायाखाली कुरकुरतात. उंची वाढेल तसं अतिनील ऊन तीव्र होतं, हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी, आणि इथे ते खालूनही परतून येतं. ताईची हनुवटी खालच्या बाजूने भाजली. सनस्क्रीन हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडेला आणि कानांच्या मागे लावा.

दुसऱ्या रात्री लगुना कोलोरादाजवळ मुक्काम, सुमारे ४,३०० मीटर. सरोवर लाल, त्यात फ्लेमिंगो, आणि वारा अंगातून आरपार. झोपायच्या पिशव्या जीपवाल्यांकडून भाड्याने घेतल्या होत्या. खोलीत हीटर नव्हता. अंगावर सगळं चढवलं: शर्ट, थर्मल, फ्लीस, जॅकेट, वर रेनकोट. रेनकोट वारा अडवतो म्हणून झोपतानाही उपयोगी पडतो. तरी पाय गार पडले होते. आमच्या ड्रायव्हरने ते ओळखलं. चुलीवरची किटली घेऊन आला, आमची धातूची बाटली मागितली, उकळतं पाणी भरलं, आणि माझा जाड मोजा खेचून त्या बाटलीवर चढवला. "पायांपाशी," एवढंच म्हणाला आणि गेला. त्या बाटलीने पहाटेपर्यंत साथ दिली. बाहेर राहिलेली दुसरी बाटली सकाळी गोठून टणक झाली होती.

याच बाटलीबद्दल एक सूचना: ती एकपदरी धातूची हवी. थर्मासमध्ये उष्णता आतच राहते, पायांपर्यंत येत नाही. आणि झाकण दोनदा तपासा.

दिवस ३२ ते ३७: अटाकामा

सरहद्द ओलांडून सान पेद्रोला उतरलो तेव्हा उंची २,४०० मीटरवर आली होती आणि श्वास मोकळा झाला. चिलीत शिरताना फळं, बिया, मध असलं काही आत नेता येत नाही आणि झाडांपासून बनलेल्या वस्तू जाहीर कराव्या लागतात. नियम कडक आहेत. ताईकडे अर्धी पिशवी सुकामेवा होता, तिने फॉर्मवर लिहिलं, अधिकाऱ्यांनी पाहिलं आणि प्रश्न मिटला. लिहायला कचरू नका.

जंगलात तीन दिवस न वाळलेली पँट इथे पाऊण तासात कडक झाली. पण ओठ फुटले, नाकातून रक्त आलं. रात्री ओला पंचा खिडकीशी टांगून ठेवू लागलो, त्याने खोलीतली हवा जरा सुसह्य व्हायची. पहाटेपर्यंत पंचा खडखडीत कोरडा. इथेच सगळे कपडे साबणाच्या वडीने धुऊन घेतले. शाम्पूसुद्धा वडीचाच होता, त्यामुळे विमानात शंभर मिलीलिटरच्या बाटल्यांचा हिशोब करावा लागला नाही.

पुढचे दोन आठवडे सांतियागो आणि तिथून दक्षिणेकडे सावकाश. हवा चांगली होती, सामानाबद्दल सांगण्यासारखं काही घडलं नाही.

दिवस ५३ ते ५७: तोरेस देल पाइने

तोरेस देल पाइने म्हणजे चिलीच्या पॅटागोनियातलं राष्ट्रीय उद्यान. माझ्यासाठी हा प्रवासाचा गाभा. पाच दिवसांत इंग्रजी डब्ल्यूच्या आकाराची, सुमारे ऐंशी किलोमीटरची वाट चाललो. चालण्याच्या काठ्या विमानात केबिनमध्ये नेता येतील याचा भरवसा नसतो, म्हणून पुएर्तो नातालेस या जवळच्या गावी भाड्याने घेतल्या. तंबू आणि झोपायच्या पिशव्या वाटेवरच्या मुक्कामांवर लावून मिळतात, फक्त महिनोन्महिने आधी ठरवावं लागतं. नको असलेलं सामान गावातच ठेवून चार-चार किलो घेऊन निघालो.

इथला वारा शब्दांत आणणं कठीण आहे. नॉर्डेन्सक्योल्ड सरोवराच्या काठाने चालताना वारा पाण्याचा पडदा उचलून अंगावर फेकत होता. पुढे चालणाऱ्या एका मुलाच्या सॅकवरचं पावसाळी कव्हर सुटलं, पतंगासारखं वर गेलं आणि दिसेनासं झालं. छत्री आणि पोंचो यांचा इथे काहीच उपयोग नाही. आम्ही सॅकच्या आत कचऱ्याच्या जाड प्लास्टिक पिशवीचं अस्तर लावलं होतं आणि सगळं त्यात भरून तोंडाला पीळ दिला होता. सॅक बाहेरून चिंब झाली, आतला एक धागा भिजला नाही.

दोघींनी एक पथ्य आणखी पाळलं. झोपण्याचा एक जोड, थर्मल आणि जाड मोजे, काहीही झालं तरी चालताना घालायचा नाही. तिसऱ्या दिवशी फ्रान्सेसच्या तळावर सकाळी उठलो तेव्हा पाऊस तसाच, चालायचे कपडे ओले, आणि अंगावर कोरडी, ऊबदार थर्मल. ती उतरवून ओले गार मोजे चढवणं फार जिवावर आलं. ताई म्हणाली, "आज राहू दे ना, कोरडेच घालू." मी म्हटलं, "ताई, तासाभरात तेही भिजतील, मग रात्री काय?" ती गप्प बसली, दात आवळून मोजे चढवले. पंधरा मिनिटं चाललो आणि पाय तापले. त्या रात्री कोरड्या मोज्यांत पाय घालताना तिने माझा हात नुसता दाबला.

संध्याकाळी रेफ्यूजिओतल्या, म्हणजे वाटेवरच्या मुक्कामाच्या घरातल्या, मुलाने आमचे बूट पाहिले आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणून दिला. बुटाचं अस्तर काढायचं, आत कागद कोंबायचा, तासाने बदलायचा. शेकोटीशेजारी ठेवू नका म्हणाला, तळ सुटतो. सकाळी बूट कोरडे नव्हते, पण घालण्याजोगे होते.

शेवटच्या पहाटे दगडांचा उभा चढ चढून तोरेस, म्हणजे मनोऱ्यांसारख्या तीन सुळक्यांसमोर पोचलो. तिन्ही सुळके पाच मिनिटं नारिंगी झाले. मग बर्फ पडायला लागला. एका तासात आम्ही टी-शर्टवर घामाघूम होतो, मग सगळे थर घालून बसलो होतो, मग उतरताना पुन्हा टी-शर्टवर. थर पटकन काढता-घालता यावेत म्हणून फ्लीस चेनवालं असावं, डोक्यातून घालायचं नको.

दिवस ६६ ते ७२: उशुआया आणि परत

बीगल खाडीत होडीने गेलो त्या दिवशी सॅकमधलं एकूण एक अंगावर होतं. समुद्रसिंह खडकांवर पसरले होते, दीपगृहाभोवती पाणी काळंनिळं, आणि तोंड उघडलं की दात सळसळत होते. मुक्कामावर ठेवलेल्या सॅकमध्ये फक्त साबणाची वडी, चप्पल आणि चार्जर उरले होते.

परत आल्यावर दोघींनी काय वापरलं नाही ते काढून बघितलं. एक जास्तीची नायलॉनची दोरी, दुसरी टॉर्च, आणि मी घेतलेलं जाड वाचायचं पुस्तक. ताईचा दुसरा मेरिनो टी-शर्ट विरला होता, तो तिने रफू केला. कपडे दाबून भरायच्या पिशव्याही पुढच्या वेळी घेणार नाही. त्यांनी जागा वाचते, वजन नाही, आणि जागा झाली की माणूस भरत जातो.

परतीच्या विमानतळावर रांगेत सगळ्यांत आधी मागितलं ते पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड. बोलिव्हिया, पेरू, अर्जेंटिना यांपैकी कुठूनही भारतात येताना ते लागतं, आणि लस निदान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. माझं पासपोर्टच्या कव्हरमध्ये होतं. ताईने बहात्तर दिवस तिचं त्या कापडी पिशवीत, गोळ्यांच्या पुडीमागे ठेवलं होतं. तिने न शोधता हात घालून काढलं.